प्रत एकच

लग्नाच्या सीझनला एका हळदीत
मी चार हजार फोटो काढते.
नव्वद अल्बमात जातात,
बाकीचे हार्डडिस्कमध्ये, सानपाड्याच्या घरी,
कपाटात डांबरगोळ्यांशेजारी पडून असतात.
आजवर कुणी मागायला आलेलं नाही.

म्हणून हा घेतला.
पुदिन्याच्या रंगाचा, खेळण्यासारखा.
वाशीच्या दुकानातल्या पोराने विचारलं,
"भाचीला गिफ्ट का, मॅडम?"
मी हो म्हणाले.

पाकिटात दहा फिल्म.
एकदा बटण दाबलं की ऐंशी रुपये गेले,
म्हणजे बोंबलांचा एक वाटा,
आणि वाटा निदान तळून खाता येतो.

दिवाळ्याच्या जेटीवर पोचले तेव्हा ओहोटी लागली होती.
पहिला फोटो आभाळाने खाल्ला.
दुसऱ्यात जाळं सांधणाऱ्या बाईचं कपाळ उडालं,
कारण ह्या कॅमेऱ्याचा डोळा एकीकडे
आणि आपण बघतो ती खिडकी दुसरीकडे;
लांबून जमतं,
जवळ गेलं की दोघांचं पटत नाही.
माहितीतली गोष्ट आहे.
तिसऱ्यात माझंच बोट.
उन्हाने रंग असे तांबूस झाले
की पाणी चहासारखं दिसायला लागलं.

मग बराच वेळ काही काढलंच नाही.
चिखलात पलीकडे रोहित उभे होते,
उचलला कॅमेरा, खाली ठेवला.
इतक्या लांबून नुसते गुलाबी ठिपके आले असते.
त्यापेक्षा बघून घेतले.
कितीतरी वर्षांनी मी एखादी गोष्ट
बघून घेतली.

बुधाजी नाखवा होडीच्या सावलीत बसले होते.
म्हणाले, "होरीचा काढ गो एक.
सोमवारला नेतील. लाकराचे भावानं."
पुढे काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही,
चार पावलं मागे सरले,
मग अजून दोन, चिखलात,
श्वास धरला.
चार हजारांत कधी श्वास धरला होता?

कॅमेऱ्याने जीभ काढली.
त्यांनी ती दोन बोटांत धरली, उलटसुलट केली.
"कोराच हाय की."
"थांबा. हलवू नका. सावलीत धरा."
आणि सवयीने, अगदी सवयीने,
मी फोन काढून त्या फोटोचा फोटो घेतला.

मग आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
आधी तळाचा काळोख आला.
मग निळा, पापडासारखा पोपडे धरलेला.
मग नावाची अक्षरं, धनवं,
शेवटचं दोरखंडामागे राहिलेलं.
नाखव्यांनी करंगळी नेऊन
कोऱ्या पांढऱ्या कडेवर ते अक्षर लिहिलं,
नखाने, न उमटणारं.
"ती," म्हणाले.
फोटो बंडीच्या खिशात टाकला,
वर हात ठेवला,
आणि उठून घराकडे गेले.
पैशाचं त्यांनीही विचारलं नाही.

निगेटिव्ह नाही. फाईल नाही.
मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो
दिवाळ्यात कुठेतरी आहे,
कदाचित देवाच्या फळीवर,
कदाचित धुवायला टाकलेल्या बंडीत.

माझ्याकडे फोनमधला तेवढा आहे:
एक अंगठा, त्यावर माशाचा एक खवला,
आणि अंगठ्याखाली
साफ पांढरा चौकोन.
मी घाई केली होती.

जागा भरत आली की फोन दर महिन्याला तो पुढे करतो.
अस्पष्ट आहे, म्हणतो, काढून टाकू का?
मी हळदीचे दोनशे काढून टाकते
आणि त्याला सांगते, थांब,
अजून यायचाय.